संध्याकाळची शुद्ध मराठी

अप्पा,

पुढच्या आठवड्यात आम्ही नाशिकला जाणार आहोत. मी आणि तुमचे जावई, दोघंच. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ह्यांनी एकही सहल सुखासुखी होऊ दिलेली नाही. आधी तिचा अभ्यास करायचा, मग ती करायची, मग आल्यावर महिनाभर तिच्यावर बोलायचं. या वेळचा अभ्यास द्राक्षांचा आहे. गुलबर्ग्याहून (पाट्यांवर आता कलबुर्गी लिहितात, पण तुमच्याशी बोलताना माझ्या तोंडात गुलबर्गाच येतं) रेल्वेनं पुणे, तिथून गाडी करून नाशिक, एक दिवस पंचवटी आणि त्र्यंबक, आणि पुढे मळ्यातच मुक्काम. मळ्याला लागून वाइनचा कारखाना आहे, तिथंच पाहुण्यांच्या खोल्या आहेत, खिडकी उघडली की वेलींच्या रांगाच रांगा दिसतात म्हणे. हे मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तज्ज्ञ झालेत. परवा स्टीलच्या पेल्यात कोरा चहा घेऊन तो गोल गोल फिरवत होते, पेल्यात नाक खुपसून वास घेत होते आणि मला सांगत होते, "असं करायचं असतंय बघ. आधी नाकानं प्यायचं." शेजारीण दारातच उभी होती. ती म्हणाली, "काकू, विभूती लावणारी माणसं तुमी, अन् दारूच्या कारखान्याला सहलीला निघालाव व्हय?" हे म्हणाले, "दारू न्हाई हो, द्राक्षं." सगळे हसले. मीही हसले. ह्या माणसानं जन्मात एकदा, सोलापूरच्या कुठल्याशा लग्नात, बिअरचा एक घोट घेतला होता आणि त्याची हकिगत अजून सांगतो.

मी द्राक्षं बघायला जात नाही, अप्पा. तिथे अण्णाचा मुलगा आहे. तुमचा नातू. तुम्ही गेलात तेव्हा तो शाळेत होता, तुमच्या खाटेच्या पायाशी बसून पाढे म्हणायचा. पुढे कॉलेजसाठी मी त्याला माझ्याकडे आणला. आमच्या पुढच्या खोलीत तो राहिला, वाढला, बागायतीचं शिकला. त्याला पहिली नोकरी लागली ती नाशिककडच्या द्राक्षमळ्यात, वेलींची छाटणी आणि औषधफवारणी बघायची. काम चोख करायचा म्हणून मालकानं त्याला कारखान्यात घेतलं. आणि आता गेली दोन वर्षं तो पाहुण्यांना फिरवतो. मुंबई-पुण्याचे लोक येतात, त्यांना मळा दाखवायचा, टाक्या दाखवायच्या, मग टेबलाशी उभं करून पेल्यांत थोडी थोडी वाइन ओतायची, आणि कशाला कसला वास येतो ते समजावून सांगायचं. हे काम लागलं तेव्हा त्यानं मला फोन करून आधी शपथच घातली. "आत्या, आईला तूच सांग. आमी पीत न्हाई. तोंडात घ्यायचं, फिरवायचं अन् भांड्यात थुंकायचं. चूळ भरल्यावानी." मी म्हटलं, "म्हंजे थुंकायचा पगार देत्यात व्हय रे तुला?" तो खो खो हसला. "व्हय की. अन् गिळलं तर नोकरी जाती." त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली होती. अण्णाचा मुलगा वाइनच्या कारखान्यात कामाला लागला म्हणून मी देवापुढे साखर ठेवली, कारण तो थुंकत होता.

पुढचं सांगायचं तर मला आपल्या घरातलं जुनं सगळं उकरावं लागणार. तुम्हाला आवडणार नाही. पण आता तुमच्या आवडीनिवडीचा प्रश्न राहिलेला नाही.

गावाकडचं, राजेश्वरचं आपलं स्वयंपाकघर आठवतं ना? चुलीसमोर अव्वा, भिंतीला टेकून तुम्ही, आणि समोर आम्ही दोघं भावंडं, अण्णा आणि मी. अण्णा तेव्हा नववीत असेल. तो ताटावरून उठता उठता म्हणतो, "अप्पा, मी खेळायला जायलोय." तुमचा हात घासासकट तसाच थांबतो. "जायलोय नाही. जात आहे." अण्णा म्हणतो, "तेच की." "तेच नाही. म्हण." तो म्हणत नाही. तुम्ही उदगीरला शिकून आलेले, गावातल्या मराठी शाळेचे मास्तर. सरकार कन्नड, कोर्टकचेरीत जुन्या लोकांची उर्दू, बाजारात तिन्हीची खिचडी, आणि ह्या सगळ्यात तुम्ही एकटे शुद्ध मराठीचा किल्ला लढवत बसलेले. तुम्ही म्हणायचात, आपण हद्दीवरचे, आपलं मराठी ऐकून पुण्यातला माणूस हसता कामा नये. पुण्यातला माणूस आपल्या घरी कधी जेवायला येणार होता, अप्पा? अव्वा तव्यावरची भाकरी हातात घेऊन ताटकळलेली, बोटं भाजायला लागलेली. ती शेवटी म्हणायची, "भाकर वाढू का व्याकरण वाढू?" तुम्ही हसायचात. पण अण्णाला जाऊ द्यायचा नाहीत. तो दाराशी उभा राहायचा, आणि खेळायची वेळ निघून जायची.

तुम्ही अख्ख्या गावाच्या पोरांना जे शिकवलंत ते स्वतःच्या मुलाला शिकवता आलं नाही, हे तुमच्या मनाला फार लागलेलं होतं. मला ते तेव्हाही दिसायचं. मी मुकाट्यानं शुद्ध बोलायचे, पण माझ्या बोलण्याचं तुम्हाला काही वाटायचं नाही. मुलगी उद्या सासरी जाणार. तुम्हाला तो हवा होता.

आणि मग एका संध्याकाळी तो आला. खतबियाण्याचं दुकान टाकून त्याला तीनेक वर्षं झालेली, लग्न झालेलं, बाळ रांगतंय. दारात चप्पल काढून, चौकटीला हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "अप्पा, मला यायला किंचित उशीर झाला. आपण जेवून घ्यायचं होतं." मी माहेरपणाला आले होते, मी समोरच होते. तुमचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसलात. रात्री अव्वाला म्हणालात, "बघ, आलं की नाही? पेरलेलं कधीतरी उगवतंच." तिनं त्याला ताट वाढताना वास घेतलेला होता.

त्यानंतर दोन-तीन वर्षं तुम्ही त्या संध्याकाळच्या मराठीवर खूश होतात. अण्णा पिऊन आला की जपून बोलायचा. ते कळू नये म्हणून एकेक शब्द तोलूनमापून ठेवायचा, आणि त्याच्या हिशेबात जपून बोलणं म्हणजे तुमच्यासारखं बोलणं. दुसरं जपून बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. सकाळी दुकानाला निघताना "जायलोय", संध्याकाळी घरी आल्यावर "आलो आहे". सकाळी बायकोला "च्या दी की", संध्याकाळी "मला थोडं पाणी देतेस का". वहिनी बिचारी राजेश्वरातच वाढलेली, ती पदरात तोंड खुपसून रडायची आणि तुम्ही तिला सांगायचात, नवरा सुसंस्कृत मिळाला तुला. अव्वानं एकदा मला हळूच सांगितलं, "त्यो शुद्ध बोलायला लागला की शुद्धीत नसतोय." तिला ते तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. मलाही झाला नाही. तुमचं सुख कोण मोडणार? पाळण्यातून उतरलेलं ते पोर मात्र चार वर्षांचं होईतो हुशार झालं. अण्णानं दारात येऊन "बाळा, जेवलास का?" असं विचारलं की ते आजीच्या मागे लपायचं. सकाळी तोच बाप "ए बारक्या" म्हणायचा, तेव्हा ते त्याच्या खांद्यावर असायचं.

तुमच्या निरोपसमारंभाचा दिवस. शाळेच्या पटांगणात मांडव, पुढच्या रांगेत सतरंजीवर आम्ही सगळे, तुम्ही खुर्चीवर कडक इस्त्रीच्या टोपीत. आभार मानायला अण्णाला उभं करायचं हे तुम्हीच ठरवलं होतं. मुख्याध्यापक नको म्हणत होते, घरचा माणूस आभार कसा मानणार म्हणून. तुम्ही हट्ट केलात. तुम्हाला गावाला ते ऐकवायचं होतं. सकाळची वेळ. अण्णा उठतो, माइकसमोर जातो. "आज आमच्या अप्पाचा... म्हंजे, आज आमी समदे हितं..." पोरं फिदीफिदी हसतात. तुम्ही खुर्चीतून ओठ हलवून त्याला शब्द सांगताय, वर्गातल्या ढ मुलाला सांगावेत तसे. आपण. सर्व. येथे. अण्णा तुमच्या ओठांकडे बघतो. मग "आलोच" म्हणतो आणि शाळेच्या मागच्या भिंतीकडे निघून जातो. मधल्या वेळात शाल झाली, नारळ झाला, कुणीतरी मुडबीहून आलेले तुमचे जुने विद्यार्थी बोलले. आणि अण्णा परत आला. काय बोलला, अप्पा! एक शब्द चुकला नाही. आदरणीय व्यासपीठ, आयुष्यभर वेचलेलं ज्ञान, आम्हा सर्वांची कृतज्ञता. टाळ्या थांबेनात. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तो तुमच्या पाया पडायला वाकला, उठताना त्याचं तोंड तुमच्या तोंडापाशी आलं, आणि आशीर्वादाचा तुमचा हात त्याच्या डोक्यावर होता तो तिथंच राहिला. किती वेळ राहिला ते मला सांगता येणार नाही. लोकांना वाटलं, बापाला भरून आलं.

त्या दुपारी घरी आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "कामून बसलीस तशी? जेवायचं न्हाई का?" अव्वाच्या हातातली पळी थांबली. तुमच्या तोंडून असली वाक्यं आम्ही कधी ऐकली नव्हती. त्या दिवसानंतर तुम्ही कुणालाही सुधारलं नाहीत, मरेपर्यंत. शिकवणीला येणारी पोरं बंद केलीत. अण्णाशी तर तुम्ही मुद्दाम आपल्या बोलीत बोलायचात, संध्याकाळी तो "आलो आहे" म्हणाला की "आलास व्हय, बस" असं म्हणायचात, जणू त्याला हात धरून इकडे ओढून आणताय. तो येत नव्हता. खूप उशीर झाला होता, आणि तुमच्याही हातात बळ राहिलेलं नव्हतं.

आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून नेतात, बसवूनच पुरतात. अण्णा गेला तेव्हा त्यालाही अंगणात बसवला, मागे फळी लावली, कपाळाला विभूती, गळ्यात हार. मान काही केल्या ताठ राहीना. पट्टी बांधली तरी ती छातीवर कलंडायची. बायका रडत होत्या, जंगमय्या मंत्र म्हणत होते, आणि तुम्ही पुढे झालात, दोन्ही हातांनी त्याचं तोंड उचललंत आणि म्हणालात, "नीट बस की रे लेका. लोकं बघायलीत." इतकं हळू की मी आणि वहिनीनंच ऐकलं असेल. तुमच्या सगळ्या बोलण्यातलं हे एक वाक्य मला रोज ऐकू येतं. दोन वर्षांनी तुम्हालाही त्याच्या शेजारीच शेतात बसवलं. तुमची मान ताठ होती.

आता आजचं सांगते.

ह्या दिवाळीपासून पोराचे फोन बदलले. आधी कधीही फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आत्या, काय करायलीस?" नाशिकला राहून, दिवसभर त्या लोकांत वावरून, माझ्याशी बोलताना तो राजेश्वरला परत यायचा. मला त्याचं फार अप्रूप होतं. एका संध्याकाळी फोन आला. "आत्या, नमस्कार. कशी आहेस तू? तब्येतीची काळजी घेतेस ना?" मी स्वयंपाकघरात उभी होते, गॅस बंद केला. काहीतरी उत्तर दिलं. मग मला पारखायची सवयच लागली, अप्पा. सकाळी मी आपण होऊन फोन करायचे. "आगं आत्या, मळ्यात हाय, नंतर करू का?" दुपारी करायचे. "जेवायलोय, बोल की." संध्याकाळी तो करायचा. "आत्या, मी अगदी बरा आहे. आपण उगाच चिंता करता." तू जाऊन आपण आलं. अण्णाचंही असंच झालं होतं, आधी क्रियापदं शुद्ध झाली, मग माणसं परकी झाली.

ह्यांना मी शेवटी सांगितलं. हे वाईट नाहीत, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आगं, दिवसभर गिऱ्हाइकांसंगं तसंच बोलायचं म्हणल्यावर जिभेला वळण पडतंय. सकाळी ताजा असतोय म्हणून आपल्यात बोलतोय. संध्याकाळपर्यंत दुकानाचीच भाषा तोंडात बसती. मीबी बँकेतनं आल्यावर तुला 'मॅडम' म्हणलोय की एकदा." खरं आहे. तसंही असेल. अण्णाला पाहिलेलं नसतं तर मीही तसंच समजले असते, आणि झोपले असते. ह्यांनी माझं समाधान व्हावं म्हणूनच ही सहल काढली. चल, बघून येऊ, तुझी शंका फिटेल, आपली सुट्टी होईल, द्राक्षांचा हंगामही आहे. चांगल्या मनानं काढली. मी कोरा चहा फिरवणाऱ्या त्या माणसाकडे बघते आणि मला त्याची दया येते, माझी येते, सगळ्यांचीच येते.

गेल्या रविवारी मी राजेश्वरला गेले होते, वहिनीला बरोबर चल म्हणायला. ती आता ब्लाउज शिवते, मशीन ओसरीवरच असतं. मुलाचं राहतं ठिकाण तिनं अजून बघितलेलं नाही. मला वाटलं, आई समोर असली तर पोर सांभाळून राहील, निदान चार दिवस. तिनं मला बसवलं, चहा दिला, आणि मशीनवरचं पायडल न थांबवता म्हणाली, "मी न्हाई यायची, अक्का."

"कामून? पोरगं किती आशेनं बोलवायलंय."

"तुमी जावा. बगा. पर आल्यावर मला काय सांगू नका."

"वहिनी, तुला काय म्हणाला का त्यो? फोनवर?"

तिनं पायडल थांबवलं. कापडातली टाचणी काढून ओठांत धरली आणि तशीच म्हणाली, "मला आई म्हणायचा. आता 'आईसाहेब' म्हणतोय. चेष्टेनं म्हणतोय असं म्हणतोय." मग टाचणी डबीत टाकली. "मी एकदा बगितलंय, अक्का. ते समदं. पैल्यापासनं शेवटापतूर. आता मला ताकद न्हाई." आणि परत शिवायला लागली. मी निघताना तिनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि शेंगाच्या पोळ्यांचा डबा फडक्यात बांधून दिला. त्याच्यासाठी. पोळ्या मोडू नयेत म्हणून गाडीत मांडीवर घ्या, असं दोनदा सांगितलं. मला तिचा राग आला. तिथून बसस्टँडपर्यंत मी तिच्यावर मनातल्या मनात ओरडत गेले, की तू आई आहेस, तुला हा हक्क नाही. बसमध्ये बसल्यावर राग गेला. तिला जे दिसलंय ते मला दिसलंय, ती फक्त खोटं बोलत नाही.

मला तुम्हाला एक विचारायचं होतं, अप्पा, आणि त्यासाठीच खरं तर हे लिहायला घेतलं. ओळखल्यावर करायचं काय असतं? तुम्ही ओळखलंत त्या मांडवात, सगळ्या गावासमोर. मग इतकी वर्षं तुम्ही त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलत राहिलात. त्याचा काही उपयोग होतो आहे असं तुम्हाला कधी वाटलं का? एखाद्या दिवशी? की तुम्हाला माहीत होतं, आणि दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून बोलत होतात? मी नातलगांना विचारते तर ते देवाचं नाव सांगतात. शिकलेल्यांना विचारते तर ते डॉक्टरचं नाव सांगतात. मी पोराला सांगून बघेन, डॉक्टरकडे चल म्हणेन, नोकरी बदल म्हणेन, माझ्याकडे ये, गुलबर्ग्याजवळ कडगंचीच्या बाजूला एखादा बागेचा तुकडा बघू म्हणेन. तो सकाळी "व्हय आत्या" म्हणेल आणि संध्याकाळी "अवश्य विचार करतो" म्हणेल. मला हे आत्ताच ऐकू येतंय. तुम्ही शुद्ध भाषेचं इतकं वेड घेतलं नसतं तर अण्णाला लपायला ही जागा मिळाली नसती असं मला कितीदा वाटतं. पण मग तो दुसरीकडे कुठेतरी लपला असता. माणूस लपायला जागा शोधतोच. तुमच्यावर राग धरायचा मी प्रयत्न केला, तो टिकत नाही, आणि राग नसला की माझ्याकडे काहीच उरत नाही.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला. "आत्या, नमस्कार. आपली खोली निश्चित केलेली आहे. पूर्वेकडची आहे, सकाळी ऊन फार सुंदर येतं. मामांना मी स्वतः सगळं दाखवणार आहे. आपण अजिबात काळजी करू नये." मागे पेले धुतल्यासारखा आवाज होता, कुणी बाई हसत होती. ही त्याच्या कामाची जागा, कामाची वेळ. म्हणजे ह्यांचंच खरं असेल, मी स्वतःला सांगितलं. आणि तरी मी म्हणाले, "पोरा, आपल्यात बोल की. काय करायलास, कुठं बसलास, जेवलास का. आपल्यात सांग."

मला वाटलं फोन कट झाला. मग त्याचा श्वास ऐकू आला. "आत्या," एवढंच म्हणाला आणि परत थांबला. त्याला कळलं होतं मी काय विचारते ते. आजीच्या मागे लपणारं पोर ते, त्याला नाही तर कुणाला कळणार? मग एकेक शब्द सावकाश ठेवत तो म्हणाला, "ते आपण सकाळी बोलू. मी सकाळी फोन करतो."

मी म्हटलं, "बरं."

मी बाहेर आले तर हे सोफ्यावर स्वेटरांच्या घड्या करत बसलेले. "काय म्हणायलाय?" मी म्हणाले, "खोली पूर्वेकडची मिळाली आहे. सकाळी ऊन फार सुंदर येतं, असं सांगत होता." ते माझ्याकडे बघून कौतुकानं हसले. "वा! काय छान बोललीस. तिकडं असंच बोल, लोकं हसायची न्हाईत." आणि पुन्हा घड्या करायला लागले.

आज सकाळी त्याचा फोन आला, अगदी वेळेवर. "आत्या, उठलीस का? थंडी लई हाय हिकडं, शाल घे." आम्ही शालीविषयी बोललो, आईनं दिलेल्या पोळ्यांविषयी बोललो. कालचं त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. त्याला विचारायचं म्हणून मी ही सहल मान्य केली होती. आता विचारायचं काही राहिलं नाही.

हे पत्र तुमच्यापर्यंत न्यायचं म्हणजे शेतातच यावं लागेल, आणि तुमच्या शेजारी अण्णा आहे. त्याच्या मुलाचं त्याच्यासमोर वाचायला माझी जीभ उचलणार नाही. म्हणून ते इथंच राहील. तिकिटं आलेली आहेत, खोली ठरलेली आहे, आम्ही जाऊ. सकाळी मी त्याच्याबरोबर मळ्यातून हिंडेन, वेली बघेन, घड बघेन, त्याचं बोलणं ऐकेन, जेवढ्या सकाळी मिळतील तेवढ्या. संध्याकाळी माझं डोकं दुखणार आहे, अप्पा. तसं मी ह्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.